मैदान सोडताना – भाग ७ : पदकाविना चार ऑलिम्पिक

गेल्या आठवड्यात आपण मॅरेथॉन धावणाऱ्यांबद्दल बोललो. तिथे पस्तिशीतला माणूसही सुवर्णपदक जिंकून जातो. रिदमिक जिम्नॅस्टिक्सचं गणित नेमकं उलटं. पोरगी पहिली-दुसरीत असताना सराव सुरू होतो, दहावीच्या वयात ती वरिष्ठ गटात येते आणि विशी उलटली की निरोपाची भाषा सुरू होते. एक ऑलिम्पिक पदरात पडलं तरी नशीब. स्पेनची आल्मुदेना सिद मात्र चार ऑलिम्पिक खेळली आणि चारही वेळा वैयक्तिक अंतिम फेरीत पोहोचली. असं करणारी ती पहिलीच. पदक तिला एकदाही मिळालं नाही.

आधी खेळ समजून घेऊ. तेरा मीटर लांब-रुंद गालिचा, सव्वा ते दीड मिनिटाचं संगीत आणि हातात एक साधन : हूप, चेंडू, क्लबची जोडी, सहा मीटरची रिबन किंवा, आल्मुदेनाच्या काळात, दोरी. उड्या, तोल आणि गिरक्या घेताना साधनही सतत खेळतं राहिलं पाहिजे. ते हातातून सुटलं की गुण गेले, गालिच्याबाहेर गेलं की आणखी गेले. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९८४ साली आला आणि तो आजही फक्त महिलांचा आहे. आल्मुदेनाच्या काळात वैयक्तिक प्रकारात चार साधनांवरच्या गुणांची बेरीज होई आणि वरच्या दहा जणी अंतिम फेरीत जात.

आल्मुदेना १९८० साली बास्क प्रांतातल्या व्हितोरिया शहरात जन्मली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सोळाव्या वर्षी ती नववी आली. त्याच स्पर्धेत सांघिक प्रकार पहिल्यांदा खेळला गेला आणि त्याचं सुवर्ण स्पेननेच जिंकलं. त्या संघातल्या तिघी तर तिच्याच गावच्या. आपल्याच शहरातल्या मुलींच्या गळ्यात सुवर्ण आणि आपण नवव्या, अशा ठिकाणाहून तिची ऑलिम्पिक कारकीर्द सुरू झाली. पुढे २००० साली सिडनीत ती पुन्हा नववी, २००४ साली अथेन्समध्ये आठवी आणि २००८ साली बीजिंगमध्येही आठवी आली.

हे आकडे वाचून ती बारा वर्षं एकाच जागी उभी होती असं वाटेल. पण पायाखालची जमीन सरकत होती. अटलांटा आणि सिडनीत प्रत्येक साधनाला दहापैकी गुण होते. विजेतीची बेरीज अनुक्रमे ३९.६८३ आणि ३९.६३२ झाली. अथेन्सला प्रत्येक साधन तीस गुणांचं झालं आणि अलिना काबायेवा १०८.४०० गुणांनी जिंकली. बीजिंगला ते वीस गुणांवर आलं आणि येवगेनिया कानायेवाने ७५.५०० गुण मिळवले. साधनंही दर वेळी बदलली : सिडनीत क्लब नव्हते, अथेन्सला दोरी नव्हती, बीजिंगला चेंडू नव्हता.

गुणांची पद्धत बदलते तेव्हा फक्त बेरीज बदलत नाही. कोणत्या हालचालीला किती किंमत, हे नव्याने ठरतं. कालपर्यंत गुण मिळवून देणारी उडी आज बिनकामाची ठरते आणि सगळी रचना नव्याने बांधावी लागते. सोळा वर्षांची मुलगी नवे नियम घेऊनच घडते. चोविशीतल्या खेळाडूला आधीचं अंगवळणी पडलेलं मोडावं लागतं, तेही दुखऱ्या सांध्यांनिशी. म्हणून आल्मुदेनाचं नवव्यावरून आठव्यावर येणं ही दिसते त्याहून बरीच मोठी चढण होती. मधल्या काळात, २००५ साली, आल्मेरियाच्या भूमध्यसागरी स्पर्धेत तिने सुवर्णही मिळवलं.

बीजिंगमध्ये ती अठ्ठावीस वर्षांची होती. तिथे सुवर्ण जिंकणारी कानायेवा अठराची. म्हणजे आल्मुदेना अटलांटात उतरली तेव्हा कानायेवा अवघी सहा वर्षांची होती. शेवटच्या कसरतीनंतर आल्मुदेनाने गालिच्याला ओठ टेकवले आणि स्पर्धा थांबवल्या.

पुढचा प्रश्न प्रत्येक जिम्नॅस्टपुढे असतो : शिकण्याची वर्षं सरावात गेली, आता करायचं काय? आल्मुदेना अभिनयाकडे वळली, दूरचित्रवाणीवर या खेळाचं समालोचन करू लागली आणि लहान मुलांसाठी लिहू लागली. तिच्या पुस्तकमालिकेची नायिका ओलिम्पिया ही जिम्नॅस्टिक्सचं वेड असलेली मुलगी आहे.

आपल्याकडे मुलीला क्लासला घालताना ‘मेडल कधी मिळेल?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यातच निघतो. आल्मुदेनाची कारकीर्द त्या प्रश्नात मावत नाही. ऑलिम्पिक पदकांच्या यादीत तिचं नाव सापडणार नाही, पण नियम बदलत असताना बारा वर्षं प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पहिल्या दहांत राहणं ही अनेक पदकांपेक्षा अवघड गोष्ट आहे.

(पुढच्या आठवड्यात : दोन वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकून बाविसाव्या वर्षीच थांबलेली येवगेनिया कानायेवा.)