झाडीपट्टीचे नट : लेखांक ४
गुरनोलीचे परशुराम खुणे

तिरोडी मध्य प्रदेशात असली, तरी इथली रेल्वे मँगनीजच्या खाणींजवळून निघून महाराष्ट्रातल्या तुमसर रोडला जाते. दिवाळी सरली की त्याच वाटेने पाहुणे मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, पलीकडे जातात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत मंडई किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) ठरला की नाटक आलेच. आणि नाटक म्हटले की लोक आधी विचारणार, विनोदी पार्ट कोणाचा?

परशुराम खुणे हे नाव ऐकले की गर्दीची काळजी मिटत असे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले गुरनोली हे त्यांचे गाव. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० वर प्रयोग त्यांच्या नावावर होते. नक्षलग्रस्त भागातल्या तरुणांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी केलेल्या कामाचीही त्या वेळी दखल घेतली गेली. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. म्हणणाऱ्यांचे प्रेम खरे आहे, पण खुण्यांचे काम वेगळ्या जातीचे. सिनेमातला विनोद एकदा साधला की कायमचा टिकतो. इथे तोच विनोद रोज नव्या गावात, नव्या माणसांसमोर पुन्हा साधावा लागतो.

तेही कोणत्या वेळी? झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा उभे राहते ते थेट पहाटेपर्यंत. वडसा हे तिथल्या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. शेतातल्या मंडपात समोर ऑर्गन-तबलेवाले बसलेले असतात. अडीचच्या सुमाराला थंडी अंगात शिरते, पोरे आईच्या मांडीवर झोपतात, मागची माणसे घोंगडे सावरत उठू लागतात. अशा वेळी विनोदी नट मंचावर येतो आणि उठलेली माणसे परत बसतात. ब्रिटनमधले होतकरू विनोदवीर १९४७ पासून चाललेल्या एडिनबरोच्या फ्रिंज महोत्सवात स्वतःला अजमावतात. तिथला खेळ साधारण तासाभराचा. झाडीपट्टीतल्या नटाची परीक्षा रात्रभर चालते.

खुण्यांनी ‘एकच प्याला’तला तळीराम केला. १९१९ साली सावनेरला वारलेल्या राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक. तळीराम आर्यमदिरामंडळाच्या गप्पा ठोकतो तेव्हा मंडप हसतो. पण नाटकाचा नायक सुधाकर याच्या हाती पहिला प्याला देणाराही तोच. हसवता हसवता एका घराचा नाश करणारे हे पात्र. नुसत्या अंगविक्षेपांनी ते पेलत नाही, त्याला खरा अभिनय लागतो. विनोदी नटाला दुय्यम मानणाऱ्यांनी ही एक भूमिका नीट पाहावी.

मुंबईच्या मालिकांमधून चेहरा घरोघरी पोचला तरच नट मोठा, असे आज अनेक तरुण कलावंतांना वाटते. खुण्यांनी झाडीपट्टीतच राहून कारकीर्द उभी केली, आणि ती कोणत्याही मोजपट्टीने मोठी आहे. यंदा मंडईला जाल, तेव्हा नाटकाचे तिकीट जरूर काढा आणि अडीच वाजता उठून जाऊ नका.

(पुढील लेखांकात : खडी गंमत)