जुन्या टीव्हीवरचा मुंग्यांचा आळ

वाराणसीची दालमंडी असो की पुण्याचा जुना बाजार, पाठीला पोक असलेला एकवीस इंची टीव्ही स्वस्तात घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हटकून मिळतो: ‘घेऊ नका, सगळं डिजिटल झाल्यापासून याच्यावर केबल लागत नाही.’ सल्ला देणाऱ्याकडे पुरावाही तयार असतो. केबलची वायर टीव्हीच्या पाठीमागे खोचायची, ऑटो सर्च लावायचा आणि पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत नुसत्या मुंग्या दाखवायच्या. पुरावा बिनतोड वाटतो खरा, पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की त्या वायरीतून आता जुन्या पद्धतीचा सिग्नल येत नाही. टीव्ही निकामी आहे, हे त्यातून कसे सिद्ध होते? तीच वायर गेल्या वर्षी घेतलेल्या महागड्या एलईडीला थेट लावली, तर तिथेही फार तर एखाददुसरी कुलूप नसलेली वाहिनी सापडेल, बाकी काही नाही. फरक इतकाच की नव्या संचावर मुंग्यांऐवजी निळा पडदा येतो, आणि निळ्या पडद्याला कोणी जुनाट म्हणत नाही.

‘आता सरकारी नियमच आहे, जुने टीव्ही चालत नाहीत’ अशी या गैरसमजाची एक जास्त अधिकारवाणीची आवृत्तीही ऐकू येते. नियम काय आहे ते पाहू. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा १९९५ चा. त्यात २०११ साली दुरुस्ती होऊन कलम ४अ नव्याने लिहिले गेले. त्यानुसार केबलचालकाने वाहिन्या कूटबद्ध करून, डिजिटल यंत्रणेतूनच ग्राहकापर्यंत पोचवायच्या आहेत. हे टप्प्याटप्प्याने झाले. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई पहिल्या टप्प्यात होती. दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांहून अधिक वस्तीची ३८ शहरे घेतली आणि त्यांना ३१ मार्च २०१३ ही मुदत दिली. वाराणसी त्या यादीत आहे, तशीच पुणे, नागपूर, नाशिक आणि सोलापूरही आहेत. उरलेली शहरे आणि गावे पुढच्या दोन टप्प्यांत आली, शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ची होती. प्रत्यक्षात जुने प्रक्षेपण बंद व्हायला काही ठिकाणी जास्त वेळ लागला, पण तो वेगळा विषय. या कलमाने बंधन घातले ते केबलचालकावर. ग्राहकाने टीव्ही बदलावा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. म्हणायचे कारणही नव्हते, कारण बदल टीव्हीच्या अलीकडे झाला, टीव्हीत नाही.

अलीकडे म्हणजे कुठे, हे एकदा नीट समजून घेतले की बाकीचे अर्धे गैरसमज आपोआप गळतात. पूर्वी केबलच्या वायरीत प्रत्येक वाहिनीला सात किंवा आठ मेगाहर्ट्झची स्वतंत्र जागा असे, आणि त्यातून हवी ती वाहिनी वेचून काढण्याचे काम टीव्हीतला ट्यूनर करी. आता त्याच आठ मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती बसते. दाबून लहान केलेल्या दहाबारा साध्या वाहिन्या त्यात एकत्र येतात, आणि त्यांना कुलूप असते. हा गठ्ठा वेचणे, कुलूप काढणे, दाबलेले चित्र पुन्हा उलगडणे ही तिन्ही कामे सेट टॉप बॉक्स करतो. पण ते झाल्यावर पिवळ्या पिनेतून तो टीव्हीला जे चित्र देतो ते जुन्याच पद्धतीचे असते: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे, रंगांसाठी पॅल. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले ते याच पॅलमध्ये. म्हणजे त्यानंतर भारतात विकल्या गेलेल्या रंगीत संचाला बॉक्सचे बोलणे समजायला काहीच अडचण नाही. कृष्णधवल संचालाही समजते, तो रंग तेवढे सोडून देतो.

मग हा समज आला कुठून? तो अगदीच हवेतला नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय तो जाणारही नाही. तीस वर्षांपूर्वी तो खरा होता. १९९१ मध्ये स्टार आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आल्यावर गल्लोगल्ली केबल पसरली, तेव्हा घरोघरचे बहुतेक टीव्ही फक्त दूरदर्शनसाठी बनलेले होते. त्यांच्या ट्यूनरला २ ते ४ आणि ५ ते १२ एवढेच चॅनेल ठाऊक. चौथा चॅनेल संपतो ६८ मेगाहर्ट्झला आणि पाचवा सुरू होतो १७४ ला. मधली जागा खुल्या हवेत रेडिओ, विमाने आणि इतरांच्या वाट्याची, पण बंद वायरीच्या आत ती मोकळीच. केबलवाल्यांनी तिथे, आणि २३० च्या वरही, वाहिन्या भरल्या. हाच तो एस बँड. जुन्या ट्यूनरला तिथे पोचताच येत नसे, म्हणून त्या काळी कन्व्हर्टर नावाचे डबडे विकत मिळे. पुढे ‘हायपरबँड’, ‘१०० चॅनेल’, ‘२०० चॅनेल’ अशी अक्षरे खोक्यांवर झळकू लागली. तेव्हा त्या आकड्यांना अर्थ होता. आज बॉक्स लावलेल्या टीव्हीला चॅनेल लागतो एकच, किंवा एव्ही पिना असतील तर एकही नाही, कारण तेव्हा ट्यूनर वापरातच नसतो. तरीही जुन्या बाजारात ‘हा दोनशे चॅनेलचा आहे’ म्हणून दोनशे रुपये जास्त मागणारे आणि ते देणारे अजून भेटतात. हे मात्र चीड आणणारे आहे. तो आकडा ट्यूनरच्या स्मरणात किती जागा आहेत एवढेच सांगतो, आणि त्या जागा आता रिकाम्याच राहणार आहेत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्या जुन्या संचांना पिवळी-पांढरी-लाल अशी भोके नसतात, त्यांचे काय? ऐंशीच्या दशकातल्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या कित्येक संचांना फक्त अँटेनाचे तोंड असते. अशांसाठी आरएफ मॉड्युलेटर हा छोटा डबा मिळतो. तो बॉक्सचे चित्र आणि आवाज एका चॅनेलवर बसवून अँटेनाच्या वाटेने टीव्हीत सोडतो. काही जुन्या बॉक्सना ही सोय आतच असे. इथे लोक फसतात ते पद्धतीवर. भारतातल्या संचांना चित्र आणि आवाज यांच्यात ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर लागते. अमेरिकी पद्धतीचा मॉड्युलेटर ४.५ चे अंतर ठेवतो, ब्रिटिश पद्धतीचा ६ चे. मग चित्र दिसते, आवाजाच्या नावाने नुसती खरखर, आणि दोष पुन्हा टीव्हीला. मॉड्युलेटरवर बी/जी, म्हणजे ५.५ ची पद्धत, लिहिलेले पाहून घ्यावे. संचाला यूएचएफ नसेल, तर तिसऱ्या किंवा चौथ्या चॅनेलवर चालणाराच घ्यावा. अँटेनासाठी चपट्या दोन तारांचे स्क्रू असतील, तर ३०० ओहमचे ७५ करणारा बारीकसा जोडही लागतो. चित्र कृष्णधवल आले किंवा वर-खाली फिरू लागले, तर टीव्ही उघडण्याआधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये पॅलऐवजी अमेरिकी पद्धतीचे एनटीएससी तर नाही ना, हे पाहावे. आवाजाचे भोक एकच असेल, तर पांढरी पिन लावून बॉक्स मोनोवर ठेवावा.

दुसरा आक्षेप एचडी बॉक्सबद्दल असतो: त्याला फक्त एचडीएमआय असते, मग जुना टीव्ही बाद नाही का? अनेक एचडी बॉक्सना एव्हीची सोयही असते. नसेल तर एचडीएमआयचे एव्ही करणारा कन्व्हर्टर मिळतो. घेताना दिशा तेवढी वाचावी, कारण उलट दिशेचा, म्हणजे एव्हीचे एचडीएमआय करणारा, हुबेहूब तसाच दिसतो आणि इथे काहीच उपयोगाचा नसतो. चित्र मात्र ६२५ रेषांच्या पद्धतीतलेच राहणार. तेव्हा जुन्या संचासाठी एचडी वाहिन्यांचे जास्त पैसे भरणे म्हणजे ते पाण्यात घालणे. आणि इथेच जुन्या संचाची खरी मर्यादाही सांगितली पाहिजे. आजच्या वाहिन्या १६:९ च्या आडव्या चौकटीसाठी बनतात आणि जुना पडदा ४:३ चा. माणसे लांबट दिसत असतील, तर बॉक्समध्ये ‘लेटरबॉक्स’ निवडावे. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, चेहरे माणसांसारखे होतील. बातम्यांच्या तळाची बारीक अक्षरे मात्र एकवीस इंचांवर वाचवणार नाहीत, आणि त्याला कोणतेही सेटिंग उपाय नाही. ज्याला ती अक्षरे हवीत, त्याने नवा टीव्ही जरूर घ्यावा, पण केबल लागत नाही म्हणून नव्हे.

जुन्या टीव्हीवर सर्वात अन्यायाने येणारा आळ चित्र फुटण्याचा. चौकोन पडतात, तोंड हलते आणि आवाज अडकतो, की लगेच ‘सेट जुना झाला’. हे चौकोन म्हणजे उलगडताना अपुरी पडलेली डिजिटल माहिती, आणि उलगडण्याचे काम तर बॉक्स करतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचाला चौकोन पाडताच येत नाहीत. त्याचे आजार निराळे: चित्र आकसणे, एक रंग उडणे, पडद्यावर एकच आडवी रेघ उरणे. चौकोन दिसले की वायर, जोड आणि केबलवाला या क्रमाने चौकशी करावी. वाराणसीत या क्रमात माकडेही घालावी लागतात. २०१५ साली घाटांवर वायफायसाठी ओढलेल्या ऑप्टिकल फायबरच्या तारा दोन महिन्यांच्या आत माकडांनी कुरतडल्याचे रॉयटर्सने दिले होते. पक्क्या महालच्या गल्ल्यांत गच्चीवरून गच्चीवर गेलेली साधी केबल त्यांना जड जाईल, असे मानायचे कारण नाही. जुन्या प्रक्षेपणात तार थोडी सोलली तर चित्र फिके पडून दिसत राही. डिजिटलमध्ये ते एका मर्यादेपर्यंत स्वच्छ असते आणि मग एकदम कोसळते. म्हणूनच बिघाड अचानक ‘टीव्हीत’ झाल्यासारखा वाटतो.

बाकीचे समज थोडक्यात. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग म्हणजे ट्यूब गेली, असे नाही. बरेचदा शेजारच्या स्पीकरच्या चुंबकाने हे होते. स्पीकर दूर करून संच काही वेळ बंद ठेवावा आणि पुन्हा लावावा, दोनचार वेळा तसे केल्यावर डाग बहुधा जातात. जुना टीव्ही विजेचे बिल दुप्पट करतो, हेही खोटे. ८० वॉटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट, ४० वॉटचा एलईडी ६. फरक सहाच युनिटचा, त्याने घराचे सगळे बिल दुप्पट होत नाही. प्लग काढला की आत हात घालायला हरकत नाही, हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज तोडल्यावरही तो काही काळ राहू शकतो. ‘टीव्हीसोबत बॉक्सही देतो’ हे आमिष फसवे. बॉक्स कुणाच्या तरी नावावर नोंदलेला असतो, केबलचालकाने चालू केल्याशिवाय तो उघडत नाही, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या वायरीवर चालत नाही.

ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूच्या मराठी घरांसाठी एक खास समज उरतो: जुन्या टीव्हीवर मराठी वाहिन्या ‘पकडत’ नाहीत. वाहिनी पकडणारा टीव्ही नव्हेच. वाराणसीतल्या केबलचालकाने ती मराठी वाहिनी आपल्या यंत्रणेत घेतली आहे का, आणि घेतली असल्यास तुम्ही तिचे पैसे भरले आहेत का, हे दोनच प्रश्न आहेत. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या नियामक संस्थेच्या नियमांनुसार सशुल्क वाहिनी सुटी निवडता येते आणि तिची किंमत स्वतंत्र सांगावी लागते, पण प्रत्येक केबलचालकाकडे प्रत्येक भाषेची वाहिनी असेलच, असे नाही. केबलवर नसेल तर ती डीटीएचवर सापडण्याची शक्यता जास्त. गच्चीवर जुना अँटेना उभारून मात्र काही मिळणार नाही. मोजके ५० सोडून दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे मनोरे मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले होते, आणि २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले त्यांत वाराणसी नव्हती. फक्त दूरदर्शनची सह्याद्री पुरेशी असेल, तर ती डीडी फ्री डिशवर आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक वर्गणी नाही. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यावे लागतात, आणि बॉक्स घेताना त्याला पिवळी पिन आहे ना, एवढे पाहावे.