ठोकळ्यांची गाडी आणि सेलचा जमाखर्च

प्लास्टिकचे ठोकळे जोडून मुले गाडी करतात, क्रेन करतात. पण ती हाताने ढकलावी लागते. मग मुलगा किंवा मुलगी म्हणते, "हिला मोटर बसवा." नामांकित कंपनीची मोटर आणि तिची सेलपेटी यांची किंमत ऐकली की कष्टकरी घरातले आईबाप गप्प होतात. आम्हाला त्यांना एवढेच सांगायचे आहे, की दुसऱ्या बनावटीची साधी मोटरही ह्या गाडीत उत्तम चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशा मोटरी कमी पैशांत मिळतात. मात्र मोटरला सोसेल तेवढीच वीज दिली पाहिजे.

ठोकळ्यांचे सर्वांत प्रसिद्ध नाव लेगो. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क ख्रिश्चनसेन ह्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. त्यातून ही कंपनी उभी राहिली. आजच्या ठोकळ्याचे पेटंट १९५८ सालचे. १९६६ साली त्यांची विजेची आगगाडी आली, ती ४.५ व्होल्टची होती. २००७ साली आलेल्या मोटरी मात्र ९ व्होल्टच्या. त्यांच्या पेटीत सहा पेन्सिल सेल बसतात. दीड गुणिले सहा, म्हणजे ९ व्होल्ट.

आता बाजारातली गिअर बसवलेली पिवळी मोटर घ्या. ती साधारण ३ ते ६ व्होल्टची असते. तिला ९ व्होल्टची पेटी जोडली तर गाडी जोरात पळते, मुले टाळ्या वाजवतात, पण मोटर तापते आणि लवकर जळते. म्हणून तिला चार सेलची पेटी घ्यावी. साध्या सेलचे ६ व्होल्ट होतात, पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचे ४.८. दोन्ही चालतात. प्लग बसला म्हणजे व्होल्ट जुळले, असे समजू नये. दुकानदाराला व्होल्ट विचारूनच मोटर घ्यावी.

दुसरी बाब करंटची. आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. सेलवर २००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असते, ती जमा. मोटर चालताना ५०० मिलिअँपिअर घेत असेल, तर तो खर्च. कागदावर चार तास निघतात, प्रत्यक्षात कमीच. चार सेल एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढतात, तास वाढत नाहीत. चाक अडकले की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. गाडी अडकली तर आधी बटण बंद करावे, मग चाक सोडवावे, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

काही जण चौकोनी ९ व्होल्टचा सेल आणतात. व्होल्ट बरोबर, पण त्याच्या आतले सेल बारीक असतात. मोटरने जोर मागितला की त्याचे व्होल्ट घसरतात आणि गाडी जागीच कण्हते. पैसे वाया जातात. मोबाईलची पॉवर बँक ५ व्होल्ट देते, ती पिवळ्या मोटरला चालते. मात्र मोटर फार कमी करंट घेत असेल तर काही पॉवर बँका आपोआप बंद होतात.

गाडी जड असेल तर व्होल्ट वाढवू नयेत, दातेरी चाके बदलावीत. मोटरकडे ८ दातांचे चाक, त्याला जोडून २४ दातांचे. वेग एकतृतीयांश होतो, ताकद जवळजवळ तिप्पट. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. लेगोचा दांडा अधिक चिन्हाच्या आकाराचा असतो आणि पिवळ्या मोटरचा वेगळा. त्यासाठी मध्ये बसवायचा जोडतुकडा मिळतो.

काही गोष्टींत काटकसर नको. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला मोटर थेट कधीही जोडू नये, त्यात जीव जातो. जुन्या लॅपटॉप-मोबाईलमधले लिथियम सेल काढून मुलांच्या हाती देऊ नयेत. त्यांच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागते. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत, साधे सेल चार्ज करू नयेत. उघड्या तारांना टेप लावावी.

मोटर कोणत्या कंपनीची, हे मुलाला कळले नाही तरी बिघडत नाही. ती चालते का, थांबते का आणि तापते का, हे त्याला स्वतः सांगता आले पाहिजे. रविवारी अर्धा तास मुलामुलींना जवळ बसवा. सेल मोजायला, व्होल्टची बेरीज करायला लावा. हा हिशेब ज्याच्या हाती आला, त्याला उद्या कारखान्यातल्या मोठ्या मोटरसमोर उभे राहताना भीती वाटणार नाही.