भाग ३८ : शिकागो डाउनटाऊनमध्ये काँडो घेताय? आधी इमारतीचा हिशेब बघा

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचं हे लेखी रूप. अडखळणं आणि ‘अं-हं’ काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुम्हीच दिलाय. नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोरा अशा उपनगरांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. मुलं कॉलेजला गेली, चार बेडरूमचं घर खायला उठतं, गवत कापायचा आणि बर्फ उपसायचा कंटाळा आलाय. तर ते विकून शिकागोच्या डाउनटाऊनमध्ये जरा उंची, छानसा काँडो घ्यावा का? आणि बहुतेक मेलच्या शेवटी एक वाक्य असतंच : ‘भारतातून आई-बाबा येतात ना, त्यांना इथे कुठे एकटं जाताच येत नाही हो.’

हे शेवटचं वाक्य मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. पुण्यात रोज टेकडीवर जाणारा, भाजी स्वतः निवडून आणणारा, वाचनालयात मासिक बदलायला जाणारा माणूस इथे सहा महिने येतो आणि कुणी गाडी काढेल याची वाट बघत सोफ्यावर बसतो. उद्या आपणही सत्तरीत जाणार, तेव्हा आपलाही सोफा तयारच आहे. त्यामुळे चालता येईल अशी वस्ती ही चैन नाही, असं माझं मत आहे. तिच्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही. फक्त नेमके कशाचे पैसे मोजतोय, ते कळायला हवं.

आधी वस्तीबद्दल थोडं. लेकशोअर ईस्ट घ्या. मधोमध बाग, बागेच्या कडेला मरियानोज हे वाणसामानाचं मोठं दुकान, सभोवती टॉवर. जीन गँग यांचा लाटांसारख्या बाल्कन्यांचा ‘ॲक्वा’ टॉवर तिथलाच. तिथून मिलेनियम पार्क पायी जाता येतं, कल्चरल सेंटर त्याच्या समोरच, आणि आत जायला पैसे नाहीत. साऊथ लूपमध्ये रूझवेल्ट स्टेशनवर रेड, ग्रीन आणि ऑरेंज अशा तिन्ही लाइन मिळतात, आणि म्युझियम कॅम्पस चालत गाठता येतो. लूपमध्ये थंडीसाठी जमिनीखालून जाणारा पेडवे आहे.

पण वॉक स्कोअर ९५ आहे म्हणून भुलू नका. दुकानं, शाळा, बागा किती जवळ आहेत यावरून तो आकडा निघतो. फेब्रुवारीत तलावावरून येणारा वारा त्यात धरलेला नसतो. आणि आपल्या गरजा त्याला काय माहीत? डेव्हन अव्हेन्यूला जायचं तर रेड लाइनने लोयोलापर्यंत आणि पुढे १५५ नंबरची बस, हे जमतं. लेमाँटचं मंदिर मात्र गाडीशिवाय अवघड. थोडक्यात, दोन गाड्यांची एक गाडी होईल, शून्य बहुधा होणार नाही. मग त्या एका गाडीची जागा आली. शिकागोत पार्किंगच्या जागेचा बऱ्याचदा वेगळा दस्त असतो, वेगळा मालमत्ता कर आणि वेगळं मासिक शुल्कसुद्धा. जाहिरातीतल्या किमतीत ती आहे का, हे पहिल्याच फोनमध्ये विचारा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या डोक्यात ‘फ्लॅट’ म्हटलं की महाराष्ट्रातली सोसायटी येते. सहकारी सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या मालकीची (म्हणजे कन्व्हेयन्स झालं असेल तर!), आणि आपण भागदाखला असलेले सभासद. न्यूयॉर्कचा को-ऑप त्याच्या जवळचा. काँडो तसा नाही. काँडोत युनिट स्वतंत्र दस्ताने तुमच्या नावावर होतं, आणि शिवाय लॉबी, लिफ्ट, छत, पाया, जमीन या सगळ्यांत ठरावीक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा मिळतो. आपल्याकडे १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे ना, पुण्यात कितीतरी इमारती त्याखाली ‘अपार्टमेंट’ म्हणून नोंदलेल्या असतात, ती याच जातीची व्यवस्था. इलिनॉयचा काँडो कायदा १९६३ चा आहे.

तो टक्का लक्षात ठेवा. तुम्ही इटालियन संगमरवर आणि खिडकीतला तलाव बघून सही करता, पण त्याच सहीने चाळीस वर्षांच्या बॉयलरचा, गळक्या गच्चीचा आणि खालच्या गॅरेजच्या स्लॅबचाही हिस्सा घेता. इमारत लक्झरी आहे म्हणजे तिचा हिशेब निरोगी आहे, असं मुळीच नाही. उलट जलतरण तलाव, चोवीस तास डोअरमन, जिम, सौना, जितकं जास्त तितकं पुढे दुरुस्तीला येणारं जास्त.

आपल्या सोसायट्यांत सिंकिंग फंड असतो. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत. इथे त्याला रिझर्व्ह म्हणतात. चांगली असोसिएशन दर काही वर्षांनी इंजिनिअरकडून रिझर्व्ह स्टडी करून घेते : छताचं आयुष्य किती उरलं, लिफ्ट कधी बदलायच्या, तेव्हा किती लागतील, आज खात्यात किती आहेत. वाईट असोसिएशन काय करते? मासिक शुल्क वाढवलं की सभासद ओरडतात, म्हणून वर्षानुवर्षं वाढवतच नाही. ही नाडी तुम्हाला सांगायला नको. ‘यंदा मेंटेनन्स वाढवायचा नाही’ म्हणून निवडून येणारा सेक्रेटरी आपण सगळ्यांनी पाहिलाय.

मग एक दिवस स्पेशल असेसमेंट येते. समजा २०० युनिटांची इमारत आहे आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती ६० लाख डॉलरची निघाली. सरासरी युनिटामागे ३०,००० डॉलर. पण वाटणी सरासरीने होत नाही, त्या टक्क्याने होते. म्हणजे मोठ्या, उंचावरच्या, ‘लक्झरी’ युनिटाला जास्त. आणि शिकागोत ८० फूट किंवा त्याहून उंच इमारतींच्या बाह्य भिंतींची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची आहे, त्यामुळे हे काम अनंत काळ पुढे ढकलता येत नाही.

पुढे ढकललं तर काय होतं, याचं सगळ्यात भयानक उदाहरण फ्लोरिडातलं. सर्फसाइडची चॅम्पलेन टॉवर्स साऊथ, समुद्रकाठची बारा मजली काँडो इमारत, १९८१ ची. २४ जून २०२१ च्या पहाटे तिचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. २०१८ मध्येच एका इंजिनिअरने पूल डेकखालच्या काँक्रीटच्या गंभीर नुकसानीबद्दल लिहून दिलं होतं. दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर करेपर्यंत २०२१ उजाडलं. म्हणजे १३६ युनिटांत सरासरी लाखावर डॉलर प्रत्येकी. त्या वर्गण्यांवरून मालकांत झालेली भांडणं नंतर बाहेर आली. ती वाचताना आपल्या कुठल्याही वार्षिक सभेची आठवण येते, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो.

या घटनेनंतर फॅनी मे आणि फ्रेडी मॅक यांनी नियम कडक केले. मोठ्या दुरुस्त्या थकलेल्या इमारतीत आता साधं गृहकर्ज मिळणं कठीण होतं. तुम्ही रोख पैसे देऊन घ्याल हो, पण उद्या विकताना समोरच्याला कर्ज मिळालं नाही तर?

बरं, नवीन इमारत घेतली की सुटलो का? सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर बघा. ५८ मजले, २००९ मध्ये खुला, अगदी डाउनटाऊनमधला, श्रीमंती थाटाचा. २०१६ मध्ये रहिवाशांना कळलं की इमारत खचतेय आणि झुकतेय. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पायाच्या दुरुस्तीचं काम २०२३ पर्यंत चाललं.

आता कागद. इलिनॉयच्या कायद्यात कलम २२.१ आहे. पुनर्विक्रीच्या वेळी तुम्ही मागणी केलीत की विकणाऱ्याला असोसिएशनकडून काही गोष्टी मिळवून दाखवाव्या लागतात : घोषणापत्र आणि उपविधी, थकबाकी, चालू आणि पुढच्या दोन आर्थिक वर्षांत अपेक्षित मोठे खर्च, रिझर्व्हमधली शिल्लक, मागच्या वर्षाचा आर्थिक अहवाल, चालू दावे आणि इमारतीचा विमा. हे सगळं मागाच. पण माझं लाडकं कागद म्हणजे बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं. मागच्या दोन वर्षांची मागा. ‘गॅरेजमधल्या गळतीबाबत चर्चा झाली, विषय पुढील सभेत’ हे वाक्य सहा सभांत आलं असेल, तर समजा तो विषय तुमच्या पैशांची वाट बघतोय. इथे व्यवहारात वकील असतो आणि नेहमीच्या करारात त्याच्या तपासणीला साधारण पाच कामाचे दिवस मिळतात. ‘नवं काँडो आहे, ठीकच असेल’ म्हणणारा वकील नको.

एजंट तुम्हाला किंमत सांगेल. तुम्ही महिन्याचा आकडा काढा. एक सोपा हिशेब देतो. ७ टक्के व्याजाने तीस वर्षांचं कर्ज धरलं, तर दरमहा १०० डॉलर म्हणजे साधारण १५,००० डॉलरचं कर्ज. आता दोन युनिटं समजा. एक ८ लाखांचं, मासिक असेसमेंट ९००. दुसरं ७ लाख २५ हजारांचं, असेसमेंट १,५००. दुसरं ७५ हजारांनी स्वस्त वाटतं. पण महिन्याचे जास्तीचे ६०० डॉलर म्हणजे ९० हजारांचं कर्ज झालं की! म्हणजे दुसरं महाग. शिवाय कर्ज कधीतरी फिटतं, असेसमेंट फिटत नाही. हां, आता त्या १,५०० मध्ये हीटिंग, इंटरनेट, गरम पाणी धरलंय का आणि रिझर्व्हमध्ये नीट पैसे जातायत का, हे बघूनच निकाल द्या. अंदाजपत्रकाचा दहावा हिस्साही रिझर्व्हला जात नसेल तर ९०० वालं स्वस्त नाही, त्यांचं बिल फक्त अजून आलेलं नाही. वर कुक काउंटीचा मालमत्ता कर, दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन. आणि खरेदीच्या दिवशी शहराचा हस्तांतरण कर : खरेदीदाराचा वाटा दर ५०० डॉलरला ३.७५, म्हणजे ८ लाखांवर ६,०००. हा बरेच जण विसरतात.

विम्याचंही एका दमात सांगतो. इमारतीचा विमा असोसिएशनचा, आतल्या वस्तूंचा आणि तुम्ही केलेल्या सुधारणांचा तुमचा. तुमच्या पॉलिसीत ‘लॉस असेसमेंट’ची रक्कम वाढवून घ्या, पण जुनी गळती दुरुस्त करायला आलेली वर्गणी ती भरत नाही.

आता जरा आपल्या घरातल्या गोष्टी, ज्या इंग्रजी याद्यांत नसतात. पहिली, फोडणी. टॉवरमधल्या कितीतरी स्वयंपाकघरांत चिमणी हवा बाहेर टाकत नाही. गाळते आणि परत खोलीतच सोडते. मिरचीचा ठसका मग बेडरूमपर्यंत जातो, कधी कॉरिडॉरमध्ये. घर बघताना एक्झॉस्ट चालू करा आणि हवा कुठे जाते ते विचारा. लाजू नका. दुसरी, जुन्या टॉवरांतली टू-पाइप पद्धत. एकाच नळातून उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम पाणी फिरतं, आणि बदल कधी करायचा ते इमारत ठरवते. ऑक्टोबरात अचानक ऊन पडलं तरी थंड करता येत नाही. तिसरी, उपविधी. महिनाभराहून जास्त राहणाऱ्या पाहुण्यांची नोंद करायला काही इमारती सांगतात. आई-बाबांसाठी ते आधीच वाचा. बाल्कनीत कपडे वाळत घालणं बहुतेक ठिकाणी विसरा. भाड्याने देण्यावर मर्यादा असते, म्हणजे ‘नाही जमलं तर भाड्याने देऊ’ हा पर्याय असेलच असं नाही.

तलावाचा देखावा? त्याची किंमत सगळ्यात जास्त आणि हमी सगळ्यात कमी. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर आला की संपलं. अपवाद ग्रँट पार्कचा. माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८९० ते १९११ अशी वीस वर्षं कोर्टात भांडून ती जागा मोकळी ठेवायला लावली. त्यामुळे मिशिगन अव्हेन्यूवरून पूर्वेला दिसणारा तलाव इतरांपेक्षा बराच सुरक्षित आहे.

एक शेवटचं, पुनर्विकासाची सवय असलेल्यांसाठी. इथे ‘डीकन्व्हर्जन’ म्हणून प्रकार आहे. एखादा गुंतवणूकदार अख्खी इमारत विकत घेऊन भाड्याची करतो. पुरेशा मालकांनी होकार दिला की बाकीच्यांनाही विकावं लागतं. राज्याच्या कायद्यात हा होकार ७५ टक्क्यांचा होता, शिकागोने २०१९ मध्ये तो ८५ टक्के केला. आपल्याकडे पुनर्विकासात नवा फ्लॅट मिळतो; इथे पैसे घेऊन बाहेर पडायचं. म्हणून भाड्याने दिलेल्या युनिटांचं प्रमाण विचारा. गुंतवणूकदारांकडे निम्मी युनिटं असतील, तर इमारतीचं भवितव्य त्यांच्या हातात.

गुंतवणूक म्हणून घ्यावा का, असंही एकाने विचारलंय. माझं उत्तर, नाही. २०२० नंतर उपनगरांतली घरं जशी चढली तसे डाउनटाऊनचे काँडो चढले नाहीत. राहायचं असेल, निदान सात-आठ वर्षं, तर घ्या. आणि त्याआधी त्याच वस्तीत एक वर्ष भाड्याने राहून बघा. आई-बाबा येणार असतील तेच महिने त्यात धरा. बाबा आपण होऊन दूध आणायला खाली उतरतात का, ते कळेल.

पुढच्या भागात घर विकतानाच्या कॅपिटल गेन्सबद्दल बोलू. प्रश्न पाठवत राहा.