डोळ्याच्या खिडकीतून मेंदूची खुशाली

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या वहिनींच्या पित्ताशयात खडे निघाले. दुखणे तसे घरोघरचे; दुर्बिणीतून ऑपरेशन करायचे, तीन-चार दिवसांत घरी यायचे आणि गणपतीच्या मोदकांना पुन्हा उभे राहायचे, असा वहिनींचा हिशेब. पण त्यांच्या डोक्यात एक लहानशी गाठ आहे. निरुपद्रवी म्हणून डॉक्टर काही वर्षे तिच्यावर नुसती नजर ठेवून आहेत. ऑपरेशनपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिची चित्रे पाहिली आणि म्हणाल्या, "पोटाचे ऑपरेशन होईल, पण त्या वेळी मी यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवीन."

दादा गोंधळला. मी पडलो मराठीचा प्राध्यापक; माझा गोंधळ त्याहून मोठा. पोट कुठे, डोके कुठे आणि डोळ्याचा येथे संबंध काय? वहिनी मात्र हसून म्हणाल्या, "भावोजी, पोटातले चेहऱ्यावर दिसते म्हणतात, ते खोटे नाही तर!"

डॉक्टरीणबाईंनी आम्हांला बसवून घेतले आणि जे समजावून सांगितले, ते इतके सुरस होते की वाचकांनाही सांगावेसे वाटते.

आपली कवटी ही नारळाच्या करवंटीसारखी. ताणली तर ताणत नाही. तिच्यात तिघांचे बिऱ्हाड : मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारे पाणी. हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर. जागा ठरलेली, तेव्हा एकाने पाय पसरले की दुसऱ्याला अंग चोरावे लागते. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये हा विचार मांडला. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. निरोगी माणूस आडवा असता कवटीतला दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरपर्यंत असतो. अंग चोरण्याची सोय संपली की तो झपाट्याने चढतो आणि मेंदूला रक्त कमी पडू लागते. वहिनींच्या घरात तर गाठीच्या रूपाने चौथे पाहुणे आधीच उतरलेले!

आता पोटाकडे वळू. दुर्बिणीला आत वावरायला जागा हवी, म्हणून पोट गॅसने फुगवतात. जर्मनीच्या गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये एका कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत दुर्बीण घातली, ती या विद्येची सुरुवात. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया. हल्ली भरतात तो कार्बन डायऑक्साइड. कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. पोटातला दाब साधारणपणे १२ ते १५ मिलिमीटर ठेवतात.

मेख आहे ती येथेच. फुगलेले पोट छातीचा पडदा वर ढकलते, छातीतला दाब वाढतो आणि डोक्याकडून परतणारे रक्त वाटेत तुंबते. शिवाय रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. बिऱ्हाडातल्या एकाने पाय पसरले ते असे! गर्भाशयाच्या किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशनात टेबल डोक्याकडे उतरते करतात, तेव्हा या दाबात आणखी भर पडते. पित्ताशयासाठी उलट डोके उंच ठेवतात, हे वहिनींचे नशीब. निरोगी माणूस हा सारा ताण सहसा सोसून जातो. काळजी असते ती वहिनींसारख्यांची.

हा दाब मोजायचा नेमका मार्ग म्हणजे कवटीला भोक पाडून आत नळी घालणे. त्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचे भय. पित्ताशयाच्या खड्यांसाठी कोण कवटी फोडून घेईल? म्हणून डोळ्याची वाट. डोळ्यामागची मज्जा ही मेंदूचाच लांबवलेला हात. मेंदूची आवरणे आणि ते पाणी तिच्याभोवतीही असते. कवटीत दाब वाढला की पाणी तिकडे सरकते आणि मज्जेचे आवरण फुगते. मिटलेल्या पापणीवर जेली लावून, जरासुद्धा न दाबता सोनोग्राफीचा दांडा टेकवायचा आणि बुबुळाच्या गोलामागे ३ मिलिमीटरवर आवरणाची रुंदी मोजायची. ती साधारणतः ५ मिलिमीटरच्या आत असते. दुसरी वाट कानशिलाची. तेथले हाड पातळ असते. त्यातून ध्वनिलहरी पाठवून मेंदूतल्या रक्ताचा वेग पाहतात. रूनी आस्लिड यांनी १९८२ मध्ये ही रीत दाखवून दिली.

यातले काहीही पाऱ्याचा नेमका आकडा सांगत नाही, हे बाईंनी लपवले नाही. माणसामाणसांत फरक असतो आणि मोजणाऱ्याचा हात सराईत लागतो. "पण ज्याचे त्याच्याशीच ताडून पाहिले, तर दाब कोणत्या दिशेने चालला आहे ते कळते. आम्हांला सावध व्हायला तेवढे पुरते."

ऑपरेशनच्या दिवशी दादा बाहेरच्या बाकावर घड्याळ पाहत बसला होता. मी पेपर तपासायला नेले होते. एकही तपासून झाला नाही. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी सारे सांगितले. गॅस भरल्यावर आवरण पाचाच्या वर गेले होते. त्यांनी सर्जनना थांबवले, पोटातला दाब उतरवला, यंत्राचा श्वास थोडा वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला. काही मिनिटांनी पुन्हा मोजले. आवरण पूर्ववत होऊ लागले होते. मग कमी दाबावरच, जरा अडचणीत, सर्जननी काम पुरे केले. ते जमले नसते तर पोट उघडून करायचे, हेही आधीच ठरले होते.

संध्याकाळी वहिनींनी डोळे उघडले. दादाकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "खडे किती निघाले?" दादाला उत्तर देता येईना, त्याचे डोळे भरून आले होते.

डोळे हा मनाचा आरसा, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ते मेंदूचेही दार आहे, हे मला त्या बाकावर कळले. तुमच्या घरी कोणाचे असे ऑपरेशन ठरले असेल आणि पूर्वी डोक्याला मार, गाठ किंवा मेंदूतले पाणी काढणारी नळी असा काही इतिहास असेल, तर 'पोटाच्या दुखण्याशी त्याचा काय संबंध' म्हणून गप्प राहू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो आवर्जून सांगा.

गणपतीत मोदक मात्र यंदा दादाने आणि मी केले. त्यांच्या पाऱ्यांविषयी वहिनी काय म्हणाल्या, ते येथे न सांगणेच बरे!