अपूर्ण खेळ, उघडे दार : ‘व्हेलोरेन’चे विश्व

‘व्हेलोरेन’ हा ऑनलाइन खेळ २०१८ पासून तयार होत आहे आणि अद्याप पूर्ण झालेला नाही. त्याच्या आवृत्त्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात त्याचा अर्थ ‘काम चालू आहे’ असा घेतला जातो. खेळाला शेवटापर्यंत नेणारे मुख्य कथानक नाही. काल शिकलेले युद्धतंत्र पुढच्या आवृत्तीत बदललेले असू शकते. तरीही जगाच्या निरनिराळ्या भागांतील लोक या काल्पनिक प्रदेशात एकत्र भटकतात, आणि नवख्याला तेथे वाट विचारली तर सहसा उत्तर मिळते. मोठ्या खर्चाने सिद्ध झालेल्या अनेक ऑनलाइन खेळांत नवखा माणूस चेष्टेचा विषय होतो. येथे त्याची विचारपूस होते. या आपुलकीचे मूळ खेळाच्या अपुरेपणातच आहे.

अशा खेळांना ‘रोल-प्लेइंग’ म्हणजे भूमिका वठवण्याचे खेळ म्हणतात. खेळाडू एक पात्र निवडतो, त्याला नाव देतो आणि त्या पात्राच्या रूपाने कल्पित जगात वावरतो. या प्रकाराची आधुनिक सुरुवात संगणकावर नव्हे, मेजावर झाली. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी खेळकारांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. चार-सहा मित्र, फासे, कागद, पेन्सिल आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार एवढीच त्याची सामग्री होती. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचे जग संगणकावर उभे केले. त्यात चित्र एकही नव्हते. जंगल, गुहा, शत्रू, सारे काही शब्दांतून सांगितले जाई. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले, चित्रे आली, मासिक वर्गणी आली आणि सूत्रधाराची जागा कंपनीच्या सर्व्हरने घेतली.

मेजावरचा खेळ मित्रांच्या इच्छेवर चालतो. सर्व्हरवरचा खेळ सर्व्हरचा मालक चालवील तोपर्यंतच चालतो. खेळाडूने त्या जगात पाच वर्षे काढली असोत वा दहा, कळ दाबली की ते जग संपते.

व्हेलोरेनचा जन्मही अशाच एका निराशेशी जोडलेला आहे. २०११ च्या सुमारास वोल्फ्राम फॉन फुंक या जर्मन प्रोग्रामरने ‘क्यूब वर्ल्ड’ या आपल्या खेळाची दृश्ये दाखवण्यास सुरुवात केली. रंगीत ठोकळ्यांनी बनलेले अथांग जग, त्यात भटकंती, लढाया आणि हवेतून तरंगत जाण्याची सोय पाहून असंख्य लोक भारावले. खेळ घडवणारे मात्र दोघेच होते, ते आणि त्यांची पत्नी. जुलै २०१३ मध्ये प्राथमिक आवृत्ती विक्रीस आली. त्याच वेळी त्यांच्या संकेतस्थळावर सायबर हल्ले झाले. काही काळाने सुधारणा येणे थांबले आणि वर्षानुवर्षे शांतता पसरली. त्या हल्ल्यांचा आपल्या मनःस्वास्थ्यावर परिणाम झाल्याचे त्यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे लिहिले. त्या वर्षी सप्टेंबरअखेर खेळ पूर्ण स्वरूपात आला, पण तो इतका बदललेला होता की जुन्या आवृत्तीवर जीव लावलेल्या अनेकांची निराशाच झाली. यात कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. हजारोंच्या अपेक्षांचे ओझे दोन माणसांच्या खांद्यांवर होते आणि इच्छा असूनही तिसऱ्या कोणाला त्याला हात लावता येत नव्हता, कारण खेळाचा कोड बंद होता.

ही शांतता सुरू असतानाच, २०१८ मध्ये, क्यूब वर्ल्डने प्रेरित झालेल्या काही हौशी प्रोग्रामरांनी स्वतःच एक खेळ लिहायला घेतला. त्याच्या मागे कंपनी नव्हती आणि पगारही नव्हते. पहिला प्रयत्न समाधानकारक वाटेना, तेव्हा २०१९ च्या आरंभी त्यांनी तो बाजूला ठेवून पायापासून नवी मांडणी केली. खेळ ‘रस्ट’ या संगणकभाषेत लिहिला गेला आहे. संगणकाच्या स्मृतीशी संबंधित चुकांचे अनेक प्रकार ही भाषा कार्यक्रम चालण्यापूर्वीच पकडते. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी लिहिलेला कोड एकत्र जोडायचा असेल तेव्हा ही कडक शिस्त उपयोगी पडते.

याहून महत्त्वाचा आहे तो परवाना. व्हेलोरेनचा कोड ‘जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला आहे. तो कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि वाटू शकतो. अट एवढीच की बदललेला खेळ वाटताना त्याचा कोडही त्याच अटींवर खुला ठेवला पाहिजे. सर्व्हरचा कार्यक्रमही याच कोडचा भाग आहे. त्यामुळे मुख्य सर्व्हरवर न जाता स्वतःच्या संगणकावर हे जग चालवणे आणि त्यात मित्रांना बोलावणे शक्य होते.

खेळात उतरल्यावर प्रथम पात्राची जात निवडायची असते: माणूस, बुटका, एल्फ, ऑर्क, डनारी किंवा ड्रॉगर. हातात तलवार, कुऱ्हाड, हातोडा, धनुष्य किंवा जादूचा दंड येतो. मग समोर पसरलेले जग. डोंगर, नद्या, वाळवंट, बर्फाळ पठारे आणि भूगर्भातील गुहा यांतील प्रत्येक जागा चित्रकाराने हाताने रेखाटलेली नाही. गणिती नियमांनी ती निर्माण होते. जमीन तयार करताना पाण्याने होणारी झीजही हिशेबात घेतली जाते, म्हणून दऱ्या जेथे असाव्यात असे वाटते तेथेच असतात. नद्या खरोखर उतारावरून वाहत आल्यासारख्या दिसतात. उंच कड्यावरून उडी घेऊन पाठीवरचे पंख उघडले की दरीवरून तरंगत पलीकडच्या गावात उतरता येते. लढाईत रस नसलेले कित्येक खेळाडू केवळ या उड्डाणासाठी येतात, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गावांत व्यापारी आहेत, खाणीत धातू आहेत, प्राणी माणसाळवता येतात, वाद्ये वाजवता येतात. पात्र मेले तर ते आधी निश्चित केलेल्या मुक्कामी पुन्हा जिवंत होते.

उणिवांची यादीही मोठी आहे. जग ठोकळ्यांचे असले तरी ‘माइनक्राफ्ट’प्रमाणे त्यात सामान्य खेळाडूला घर बांधता येत नाही. गावकरी बोलतात, पण त्यांचे बोलणे लवकर पुनरावृत्त होते. नायकाला एका ध्येयाकडे नेणारी गोष्ट नसल्याने ‘आता काय करायचे?’ हा प्रश्न पहिल्या तासाभरातच पडतो.

नेमक्या याच प्रश्नापाशी इतर माणसांची गरज लागते. पूर्ण झालेल्या खेळात नवख्याला मार्ग दाखवणारे बाण, सूचना आणि धडे असतात; कोणाशी एक शब्द न बोलता तो शेवटापर्यंत जाऊ शकतो. व्हेलोरेनमध्ये कोणत्या गुहेत आपल्या ताकदीने शिरावे, कोणते चिलखत कशापासून बनते, मागच्या आवृत्तीतील युक्ती आता चालते की नाही, यातील पुष्कळशी माहिती जुन्या खेळाडूंच्या डोक्यात असते आणि विचारल्याशिवाय मिळत नाही. अनोळखी खेड्यात पाटी नसेल तर पारावरच्या माणसाला वाट विचारावी लागते, तसेच हे आहे. विचारणे हा तेथे अडाणीपणा ठरत नाही, कारण नवी आवृत्ती आली की जुने खेळाडूही पुन्हा विचारू लागतात.

दुसरे कारण थोडे स्वार्थाचे आहे आणि म्हणूनच अधिक भरवशाचे. कोणत्याही स्वयंसेवी प्रकल्पातून माणसे सतत गळत असतात. शिक्षण संपते, नोकरी लागते, मूल होते, कंटाळा येतो. त्यांची जागा भरण्यासाठी जाहिरात देऊन माणसे नेमता येत नाहीत. ती खेळाडूंतूनच यावी लागतात. आज ‘माझे पात्र भिंतीत अडकले’ अशी तक्रार करणारा मुलगा उद्या ती चूक नोंदवतो, परवा दुसऱ्या कोणाच्या मदतीने ती दुरुस्त करतो. खेळाचा कोड ‘गिटलॅब’ या सार्वजनिक मंचावर आहे. तेथे पाठवलेला बदल अनुभवी मंडळी तपासतात, शेरे मारतात, सुधारायला सांगतात आणि योग्य वाटल्यास खेळात सामावून घेतात. कोड येत नसेल तर संगीत, ठोकळ्यांची चित्रे, अनुवाद, माहितीलेखन अशी कामे आहेत. अशा ठिकाणी नवख्याला हुसकावून लावणे म्हणजे उद्याचा सहकारी गमावणे.

‘मड’च्या निर्मात्यांपैकी बार्टल यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या निबंधात अशा जगांतील खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते: यश मिळवणारे, शोध घेणारे, संगत शोधणारे आणि इतरांना त्रास देण्यात आनंद मानणारे. या प्रकारांचे प्रमाण बदलले की जगाचा स्वभाव बदलतो, हा त्यांचा मुद्दा आजही लागू पडतो. यशाची शिडी अर्धवट असलेल्या खेळात पहिल्या प्रकारचे लोक फार काळ टिकत नाहीत. मिरवण्याजोगे फारसे काही नसल्याने चौथ्या प्रकाराचाही उत्साह ओसरतो. मागे उरतात ते कुतूहल असलेले आणि गप्पा आवडणारे. थोडक्यात, अपुरेपणा हा नकळत चाळणीचे काम करतो. अर्थात या चाळणीतून कटकटी माणूस कधीच निसटत नाही असे नाही, आणि सार्वजनिक संभाषणात जगभरचे अनोळखी लोक असतात, हे लहान मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

या व्यवस्थेची किंमतही आहे. पुढची आवृत्ती कधी येईल, हे कोणी बांधील राहून सांगू शकत नाही. एखाद्या भागाची जाण असलेला माणूस निघून गेला की ते काम महिनोन् महिने पडून राहते. समुदाय लहान असल्याने काही वेळा सर्व्हरवर तुरळकच माणसे भेटतात. सर्व्हर दूरच्या खंडात असेल तर संदेशाला जाऊन येण्यास वेळ लागतो आणि नेमका वार चुकतो. सर्व्हरचा खर्च देणग्यांतून भागवला जातो.

तरीही बंद जगांच्या तुलनेत येथे एक आश्वासन अधिक आहे. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा अमेरिकेत लोकप्रिय असलेला खेळ त्याच्या मालक कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. खेळाडूंनी विनवण्या केल्या. उपयोग झाला नाही. त्याच्या सर्व्हरचा कोड काही जणांनी गुपचूप जपल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि चाहत्यांच्या एका गटाला तो चालवण्याचा अधिकृत परवाना जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. मधली अनेक वर्षे ते जग कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. ‘रायझम’ या खेळाची वाट निराळी. त्याची मूळ कंपनी अडचणीत आल्यावर, २००६ मध्ये, तो विकत घेऊन मुक्त करण्याची मोहीम निघाली आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यासाठी ६० हजार डॉलर देऊ केले. ती बोली यशस्वी झाली नाही. पण नव्या मालकांनी २०१० मध्ये स्वतःच त्याचा कोड खुला केला. व्हेलोरेनला अशी मोहीम काढावी लागणार नाही. मूळ मंडळी उद्या उठून गेली तरी कोड ज्यांच्यापाशी आहे ते सारे तो पुढे चालवू शकतील. चालवतीलच, याची हमी कोणताही परवाना देत नाही.

भारतात ऑनलाइन खेळ म्हटले की अलीकडे आधी पैशांचा विषय निघतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना त्यांपासून वेगळे मानले. व्हेलोरेनमध्ये पैज नाही, प्रवेशशुल्क नाही आणि पैसे मोजून विकत घ्यायची तलवारही नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर तो मोफत मिळतो.

खेळ उतरवून घेण्यासाठी ‘एअरशिपर’ नावाचा छोटा कार्यक्रम आहे. तो नवी आवृत्ती आपोआप आणतो, आणि ते आवश्यकही आहे. सर्व्हरवरील आवृत्ती आणि खेळाडूच्या संगणकावरील आवृत्ती जुळली नाही तर आत जाता येत नाही. मोठी आवृत्ती प्रसिद्ध होते त्या दिवशी सर्वांनी ठरलेल्या वेळी एकाच सर्व्हरवर जमण्याची प्रथा या समुदायात आहे. एरवी शांत असणाऱ्या त्या जगात तेव्हा झुंबड उडते, आणि एवढ्या गर्दीत खेळ नेमका कोठे अडखळतो हे तो बनवणाऱ्यांना त्याच दिवशी कळते. दुसऱ्या दिवसापासून दुरुस्त्या सुरू होतात.