विजेच्या मोटारीचे डोळे

विजेवर चालणारे वाहन मुंबईच्या रस्त्यांना नवे नाही. ७ मे १९०७ या दिवशी या शहरात विजेची ट्राम सुरू झाली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री अखेरची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. दादर व परळ येथील चौकांच्या नावांपुढे लोक आजही ‘टी. टी.’ ही अक्षरे लावतात. ती ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांची होत. ट्रामला रूळ सोडून बाजूला वळता येत नसे. समोर कोणी आले की चालक पायाने घंटा वाजवी, ब्रेक लावी, आणि उरलेले काम रस्त्यावरच्या माणसाच्या चपळाईवर सोपवी. पाहणे, ठरवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे एकट्या चालकाचीच होती.

त्याच रस्त्यांवरून हल्ली विजेच्या मोटारी धावतात. त्यांपैकी काही मोटारींत चालकाला पाहण्याच्या व थांबवण्याच्या कामी साहाय्य करणारी यंत्रे बसवलेली असतात. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या ज्या विजेच्या मोटारी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे आल्या, त्यांच्या महाग प्रकारांत अशी यंत्रे आहेत. ती पेट्रोलच्या मोटारीतही बसवता येतात. विजेच्याच मोटारीची ती मिरास नव्हे.

या मोटारीला एक सोडून तीन प्रकारचे डोळे असतात. पहिला कॅमेऱ्याचा. समोरच्या काचेमागे, आरशाजवळ तो बसवलेला असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची वाहने, माणसे यांची चित्रे तो क्षणोक्षणी टिपतो. परंतु चित्र टिपणे म्हणजे ओळखणे नव्हे. मोटारीतील संगणकाला आधी असंख्य चित्रे दाखवून ‘हा माणूस’, ‘ही सायकल’ असे शिकवलेले असते. दादरच्या फुलबाजारातून डोक्यावर झेंडूचे भले मोठे गाठोडे घेऊन निघालेला हमाल तुम्हांला लांबूनही माणूसच दिसतो. यंत्राला मात्र तशा आकृतीची ओळख पुरेशी झालेली नसेल, तर ते गोंधळू शकते.

दुसरा डोळा रडारचा. त्याला प्रकाश लागत नाही. तो रेडिओच्या लहरी सोडतो आणि समोरच्या वस्तूवर आपटून परतलेल्या लहरी टिपतो. तीस मीटरवर असलेल्या बसवरून लहर परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा केवळ पाचवा हिस्सा पुरतो! या वेळेवरून अंतर कळते. वेग कसा कळतो, हे समजून घ्यायचे असेल तर करी रोडच्या फलाटावर उभे राहावे. न थांबता जाणारी जलद लोकल शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा तिचा स्वर चढा असतो. ती पुढे निघून जाताच तोच स्वर एकाएकी उतरतो. जवळ येणाऱ्या वस्तूच्या लहरी दाटतात, दूर जाणारीच्या विरळ होतात. रडार हाच फरक मोजून पुढची मोटार किती वेगाने जवळ येत आहे ते सांगते.

तिसऱ्या डोळ्याला खरे तर कानच म्हणावयास हवे. मोटारीच्या पुढच्या व मागच्या बंपरवर रुपयाएवढ्या गोल चकत्या दिसतात. वटवाघळाप्रमाणे त्या मनुष्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतात व त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्यांचा पल्ला चार-पाच मीटरांचा. गिरगावातल्या एखाद्या चाळीपुढे दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मोटार उभी करताना त्यांचाच उपयोग होतो.

या डोळ्यांनी धोका पाहिला, की मोटार प्रथम चालकाला सावध करते. त्याने काही केले नाही तर स्वतःच ब्रेक लावते. याचे महत्त्व थोड्या गणिताने कळेल. डॉ. आंबेडकर रस्त्यावर लालबागजवळ एक मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे, असे धरा. म्हणजे ती दर सेकंदाला १० मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात मोटार १० ते १५ मीटर पुढे गेलेलीही असते! यंत्राला याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो. पण ब्रेक लागला तरी चाके जागच्या जागी थिजत नाहीत. कोरड्या रस्त्यावर या वेगाने धावणारी मोटार आणखी सुमारे सात मीटर जाते. वेग दुप्पट केला तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे सुमारे २८ मीटर. पावसात हे अंतर आणखी वाढते, आणि ते कमी करणे कोणत्याही संगणकाच्या हाती नाही.

विजेच्या मोटारीचा एक गुण येथे सांगितला पाहिजे. चालकाने वेग वाढवणाऱ्या पट्टीवरून पाय उचलला, की तिची विद्युत्‌चलित्रे उलट काम करू लागतात. चाकांनी त्यांना फिरवायचे व त्यांनी वीज निर्माण करून बॅटरीत साठवायची! त्यामुळे ब्रेक न दाबताही मोटार मंदावते. मुंबईच्या लोकल गाड्याही थांबताना अशीच वीज वरच्या तारेला परत देतात.

मोटारीला आपल्या मार्गिकेत राखणारे साहाय्य मात्र रस्त्याच्या रंगावर अवलंबून असते. मरीन ड्राइव्हहून वरळीकडे जाणारा सागरी किनारा रस्ता २०२४ मध्ये खुला झाला. मलबार हिलखालून जाणाऱ्या त्याच्या जुळ्या बोगद्यांत पट्टे ठळक आहेत, पादचारी नाहीत, दुचाक्यांना मज्जाव आहे. तेथे हे साहाय्य एखाद्या शहाण्या घोड्यासारखे वागते. तीच मोटार ठाकूरद्वाराच्या गर्दीत आणा. कोठे पट्टे पुसलेले, कोठे हातगाडी आडवी, कोठे खणलेला खड्डा. मग पट्टे दिसेनात, की साहाय्य मुकाट्याने बाजूला होते. गणेशोत्सवात लालबागला तर ते बंद ठेवणेच शहाणपणाचे. चारी बाजूंनी माणसे चालत असता यंत्राने सतत घंटी वाजवली, तर चालकाचे लक्ष उडेल, एवढाच लाभ!

आणि एक गोष्ट या तिन्ही डोळ्यांना जमत नाही. थांब्यावर बस उभी असते. तिच्यासमोरून एखादा मुलगा रस्ता ओलांडावयास धावत निघतो. बसच्या आड असलेला तो मुलगा कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि बसच्या लोखंडी अंगातून रडारच्या लहरीही पलीकडे जात नाहीत. तो बसच्या कडेपुढे येतो त्याच क्षणी यंत्राला त्याचा पत्ता लागतो. मोटार तेव्हा पाच मीटरवर असेल, तर वर मांडलेल्या गणिताचे उत्तर काय येते ते मुलांनी स्वतः काढून पाहावे. अनुभवी चालकाची गोष्ट निराळी. मुलगा दिसला नाही तरी तो उभी बस पाहतो, शाळा सुटण्याची वेळ ओळखतो, बसखालून दिसणारी पावले टिपतो आणि आधीच वेग उतरवतो. शिवाय विजेची मोटार फारसा आवाज करीत नाही; ती आल्याचे त्या मुलाच्या कानांनाही कळत नाही. म्हणून काही मोटारींत मंद वेगाच्या वेळी मुद्दाम कृत्रिम आवाज करण्याची सोय केलेली असते.

स्वयंचलनाच्या शून्यापासून पाचापर्यंत सहा पायऱ्या तज्ज्ञांनी ठरवल्या आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अशा मोटारी साधारणपणे दुसऱ्या पायरीवर आहेत. या पायरीवर मोटार सुकाणू वळवण्यास व वेग राखण्यास हातभार लावते. पण रस्त्यावरची नजर व जबाबदारी चालकाचीच राहते. त्याचे हात सुकाणूवर नाहीत असे कळताच यंत्र त्यालाच दटावते. पावसाळ्यात काचेवर चिखलाचा शिंतोडा उडून कॅमेरा झाकला गेला, तर समोरच्या पडद्यावर साहाय्य बंद झाल्याची सूचना उमटते. अशा वेळी मोटार कडेला घ्यावी लागते, आणि चालकाला खाली उतरून ओल्या फडक्याने काच पुसावी लागते.